पटावरच्या दाण्यांची संख्या : २ च्या ६४ व्या घाताहून एकने लहान असलेल्या संख्येचे अवयव

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटाची कथा सर्वश्रुत आहे. खेळाचा निर्माता राजाकडे पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, याप्रमाणे चौसष्ट घरांचे दाणे मागतो आणि राजाचे कोठार रिते होते. तेराव्या शतकातील इब्न खल्लिकान यांच्या चरित्रकोशात ही कथा येते. दाण्यांची गणना तर त्याहूनही जुनी आहे. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दशगुणोत्तर संख्यांची जी अठरा नावे दिली आहेत त्यांतील शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. प्रस्तुत संख्या वीस अंकी असल्याने ती त्या यादीच्याही पलीकडे जाते. १८४ परार्धांहून ती अधिक आहे.

लोकप्रिय पुस्तकांतील विवेचन बहुधा येथेच थांबते, अथवा दाण्यांचे वजन सांगून थांबते. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरल्यास एकूण वजन सुमारे ७३,८०० कोटी टन भरते आणि जगातील गव्हाचे वार्षिक उत्पादन ८० कोटी टनांच्या आसपास मानल्यास ही रास नऊशे वर्षांहून अधिक काळाच्या पिकाइतकी होते. हा हिशेब मनोरंजक असला तरी तो संख्येचे आकारमान तेवढे सांगतो. तिची घडण कशी आहे, ती कोणकोणत्या संख्यांनी निःशेष भागली जाते व का, हे प्रश्न त्यात येत नाहीत. याच प्रश्नांच्या मागोव्यात फेर्मा यांच्यासारख्या गणितज्ञाचा एक अंदाज चुकीचा ठरलेला दिसतो आणि ती चूक आजच्या यंत्ररचनेपर्यंत परिणाम करू शकेल अशी आहे. प्रस्तुत लेखात या संख्येच्या अवयवांचा त्या दृष्टीने विचार केला आहे. (मराठीत ‘संख्याशास्त्र’ ही संज्ञा सांख्यिकीसाठी रूढ झाल्यामुळे येथे ‘संख्यासिद्धांत’ ही संज्ञा वापरली आहे.)

गणनेची रीत

पटावरील प्रत्येक घरातील दाणे मागील घराच्या दुप्पट असल्याने पहिल्या कितीही घरांची बेरीज पुढील घरातील संख्येहून एकने कमी असते. १ + २ + ४ = ७, आणि चौथ्या घरात ८. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पासष्टाव्या काल्पनिक घरातील संख्या वजा एक, अर्थात २ चा ६४ वा घात वजा १. हा घात काढण्यासाठी त्रेसष्ट वेळा दुप्पट करीत बसण्याची गरज नाही, हे भारतीय परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक होते. पिंगलाच्या छंदःशास्त्रात वृत्तांचे एकूण प्रकार मोजण्यासाठी २ चा घात काढण्याची रीत सूत्ररूपाने दिली आहे आणि दहाव्या शतकातील हलायुधाने तिचे विवरण केले आहे. घातांक सम असेल तर तो निम्मा करावा व तेथे वर्गाची खूण करावी. विषम असेल तर त्यातून एक वजा करून दुपटीची खूण करावी. शेवटी उलट क्रमाने त्या खुणांप्रमाणे कृती करावी. घातांक ६४ असता सहा वर्ग आणि एक दुप्पट एवढेच काम उरते : २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. यातून एक वजा केला की दाण्यांची संख्या मिळते.

भास्कराचार्यांनी भूमितीय श्रेढीसाठी हीच वर्ग व गुणनाची रीत सांगितली आणि उदाहरणादाखल एका दात्याचा प्रश्न दिला. दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो, रोज दुप्पट करतो आणि हे महिनाभर चालते. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे त्या काळच्या परिमाणांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या. जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट अशी की, या दात्याने आदल्या दिवशी एक कवडी दिली असती तर एकूण दान २,१४,७४,८३,६४७ झाले असते, आणि ही संख्या मूळ आहे. ती मूळ असल्याचे ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखविले. एका कवडीने एकूण दानाचा स्वभाव इतका पालटतो. आकारमान व घडण या दोन निराळ्या बाबी आहेत, याचे याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण.

पटावरील दाण्यांची नेमकी संख्या अल्-बीरूनी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास आपल्या कालगणनाविषयक ग्रंथात दिली आहे. त्यांची रीतही वर्गाचीच आहे. पटावरील एखाद्या घरातील संख्येचा वर्ग केला असता, ते घर पहिल्या घरापासून जितके दूर असेल तितक्याच अंतरावर त्याच्या पुढे असलेल्या घरातील संख्या मिळते, हा त्यांचा नियम. पाचव्या घरात १६ आहेत. १६ चा वर्ग २५६, आणि तो नवव्या घरात आहे. पिंगल व अल्-बीरूनी यांचे हेतू भिन्न होते. एकाला वृत्ते मोजायची होती, दुसऱ्याला दाणे. अवयवांचा विचार या गणनांत अभिप्रेत नव्हता. परंतु ज्या पायऱ्यांनी ही संख्या मिळाली त्याच पायऱ्यांनी तिचे अवयवही पडतात.

शालेय सूत्राने पडणारे अवयव

दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे सूत्र माध्यमिक शाळेत शिकविले जाते. प्रस्तुत संख्या ४,२९,४९,६७,२९६ या संख्येच्या वर्गातून १ वजा करून मिळालेली आहे. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार आहे. यांपैकी लहान अवयव पुन्हा ६५,५३६ चा वर्ग वजा १ असल्याने तो ६५,५३५ × ६५,५३७ होतो. तसेच ६५,५३५ = २५५ × २५७, २५५ = १५ × १७ आणि १५ = ३ × ५. कोणताही लांबलचक भागाकार न करता सहा अवयव हाती येतात :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

यदृच्छया निवडलेल्या वीस अंकी संख्येचे अवयव कागदावर पाडणे हे फार कष्टाचे काम आहे. येथे ते पाच मिनिटांत होते, कारण संख्या मोठी असली तरी तिचे रूप विशिष्ट आहे.

या सहा संख्यांपैकी प्रत्येक संख्या २ च्या एखाद्या घातात १ मिळवून तयार झाली आहे आणि ते घातांक अनुक्रमे १, २, ४, ८, १६ व ३२ आहेत. अशा संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात. त्यांचा एक गुणधर्म गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलर यांना पत्राने कळविला होता. प्रत्येक फेर्मा संख्येतून २ वजा केले की तिच्या आधीच्या सर्व फेर्मा संख्यांचा गुणाकार मिळतो; उदाहरणार्थ २५७ − २ = ३ × ५ × १७. त्यामुळे कोणत्याही दोन फेर्मा संख्यांना सामाईक अवयव असेल तर तो २ ला भागणारा असला पाहिजे. परंतु या सर्व संख्या विषम आहेत. म्हणून त्या परस्परांशी सहमूळ असतात. प्रस्तुत संख्येत कोणताही मूळ अवयव या सहांपैकी दोन संख्यांत सामाईक असू शकत नाही, हे यावरून निश्चित होते.

फेर्मा यांचा अंदाज

पहिल्या पाच संख्या, ३, ५, १७, २५७ व ६५,५३७, मूळ आहेत. पिएर द फेर्मा यांनी १६४० मध्ये फ्रेनिक्ल यांना लिहिलेल्या पत्रात असे मत मांडले की, या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळ असते. निर्दोष सिद्धता आपल्याजवळ नाही हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले होते, तथापि विधानाच्या सत्यतेविषयी त्यांना संशय नव्हता. पाच उदाहरणे अनुकूल होती आणि सहावी संख्या चारशे एकोणतीस कोटींच्या घरात होती.

गोल्डबाख यांनी १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात ऑयलर यांचे लक्ष या विधानाकडे वेधले. ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखविले की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ६४१ ने निःशेष भागली जाते आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. त्या निबंधात ६४१ कसा सापडला हे त्यांनी सांगितले नाही. अवयव कोणत्या रूपाचे असले पाहिजेत याची सिद्धता त्यांनी पुढे स्वतंत्रपणे दिली. ती पाहण्यासारखी आहे, कारण तिचा आधार फेर्मा यांचाच एक सिद्धांत आहे.

समजा एखादी मूळ संख्या ४,२९,४९,६७,२९७ हिला भागते. म्हणजे त्या मूळ संख्येने भागले असता २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ मानता येते आणि ६४ व्या घाताची बाकी १ होते. २ चे घात क्रमाने घेत गेल्यास बाकी प्रथम १ होण्याचे स्थान ६४ च आहे. कारण असे पहिले स्थान ६४ चा विभाजक असावे लागते. ते ६४ हून लहान असते तर त्याने ३२ ला भागले असते आणि ३२ व्या घाताची बाकीही १ आली असती. दुसरीकडे, फेर्मा यांचा सिद्धांत सांगतो की विषम मूळ संख्येहून एकने लहान असलेला घातांक घेतल्यास २ च्या घाताची बाकी नेहमी १ येते. म्हणून ती मूळ संख्या वजा १ ही ६४ च्या पटीत असली पाहिजे. हजारो मूळ संख्या तपासण्याऐवजी आता ६४ च्या पटीहून एकने मोठ्या असलेल्या मूळ संख्या तेवढ्या तपासायच्या : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात उत्तर मिळते. १८७८ मध्ये एद्वार ल्यूका यांनी ६४ ऐवजी १२८ ची पट पुरते हे दाखविले. मग प्रारंभी २५७ व ६४१ या दोनच संख्या उरतात. त्यांपैकी २५७ ही स्वतः फेर्मा संख्या असल्याने वर सांगितलेल्या गुणधर्मामुळे आपोआप बाद होते. पहिलाच भागाकार यशस्वी ठरतो.

आता ६७,००,४१७ ही मूळ आहे काय? तिचे वर्गमूळ २,५८९ हून कमी आहे. तिचा कोणताही मूळ अवयव त्याच रूपाचा असावयास हवा, आणि या मर्यादेत २५७ वगळता तशा मूळ संख्या चारच आहेत : ६४१, ७६९, १,१५३ व १,४०९. त्यांनी भागले असता बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ व ६२२ येतात. एकही शून्य नाही. सदुसष्ट लाखांहून मोठी संख्या मूळ असल्याची पूर्ण सिद्धता चार भागाकारांत होते.

ज्यांना भागाकार करण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ६४१ ची परीक्षा तोंडीही करता येते. ६४१ = ५ × १२८ + १, तसेच ६४१ = ६२५ + १६. पहिल्या समीकरणावरून ६४१ ने भागले असता ५ × १२८ ची बाकी −१ मानता येते. तिचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ ठरते. परंतु दुसऱ्या समीकरणानुसार ६२५ ऐवजी −१६ घेता येतात आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, अर्थात त्यात १ मिळविला की ६४१ ने निःशेष भाग जातो.

फेर्मा यांनी आपला हा सिद्धांत त्याच वर्षी, १६४० च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच फ्रेनिक्ल यांना कळविला होता. अंदाज खोटा ठरविण्याचे साधन त्यांच्याच हाती होते. त्यांनी पडताळणी केलीच नाही की करताना एखादी गणनेची चूक झाली, याविषयी केवळ तर्क करता येतो. त्यांच्यासारख्याने पाच अनुकूल उदाहरणांवर इतका भरवसा ठेवावा, ही गोष्ट मात्र वर्गात सांगितली गेली पाहिजे. विद्यार्थी गणिती विगमन आणि केवळ उदाहरणांवरून बांधलेला तर्क यांत गल्लत करतात तेव्हा तर विशेषच.

प्रत्येक मूळ संख्येचे घर

अशा रीतीने पूर्ण अवयव पुढीलप्रमाणे होतात :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात निरनिराळे मूळ अवयव, कोणताही दोनदा नाही. म्हणून एकूण विभाजक १२८.

हे अवयव पटावरच पाहिले तर अर्थ अधिक स्पष्ट होतो. पहिल्या दोन घरांतील दाणे ३. तेथे ३ हा अवयव प्रथम येतो. चार घरांची बेरीज १५; तेथे ५ येतो. आठ घरांवर १७, सोळा घरांवर २५७, बत्तीस घरांवर ६५,५३७. राहिलेले दोन अवयव, ६४१ व ६७,००,४१७, अगदी शेवटच्या घराची वाट पाहतात. एक, दोन, तीन असे करीत त्रेसष्ट घरांपर्यंतच्या कोणत्याही राशीची ६४१ माणसांत समान वाटणी होत नाही. प्रत्येक वेळी काही दाणे उरतात. चौसष्टाव्या घराचे दाणे पडताच मात्र एकही दाणा न उरता वाटणी होते. मागील परिच्छेदांत बाकी प्रथम १ होण्याचे स्थान म्हणून जे आले ते म्हणजे हेच घर होय.

कोणती मूळ संख्या अवयव नाही हेही याच विचाराने कळते. ७ च्या बाबतीत २ च्या घातांची बाकी दर तीन पायऱ्यांनी १ होते. ६४ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून सात जणांत वाटणी केल्यास एक दाणा उरतो. अकरा जणांत केल्यास चार, तेरा जणांत केल्यास दोन. अंकांची बेरीज ८७ असल्याने ३ ने भाग जातो व ९ ने जात नाही, हे तर शाळकरी मुलासही सांगता येईल.

अंदाज चुकल्याचा संख्येच्या अन्य गुणधर्मांवर काय परिणाम झाला, हे एका गणनेवरून दिसते. १ पासून या संख्येपर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, असा प्रश्न विचारला तर प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा करून गुणाकार करावा लागतो. ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ असती तर हा गुणाकार २ चा ६३ वा घात, म्हणजे ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ आला असता. अर्थात शेवटच्या घरातील दाण्यांची नेमकी संख्या. प्रत्यक्षात तो ९२,०८,९८,१६,२८,६७,०४,४३,५२० येतो. १४,३९,०४,०८,१८,४३,३२,२८८ एवढा हा फरक ६४१ मुळे पडला आहे.

मेरुप्रस्तार आणि बहुभुज

हलायुधाने पिंगलसूत्रांच्या विवरणात मेरुप्रस्तार सांगितला आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत तो पास्कालचा त्रिकोण म्हणून ओळखला जातो. त्याच्या ओळी १, १ १, १ २ १, १ ३ ३ १, १ ४ ६ ४ १ अशा चालतात. त्यांतील प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहिले तर १, ११, १०१, ११११, १०००१ अशा ओळी मिळतात. त्यांना द्विमान पद्धतीतील संख्या मानून वाचल्यास क्रमाने १, ३, ५, १५, १७ आणि पुढे ५१, ८५, २५५, २५७ येतात. या सर्व फेर्मा संख्या किंवा निरनिराळ्या फेर्मा संख्यांचे गुणाकार आहेत. तेहतिसावी ओळ ४,२९,४९,६७,२९७ देते, आणि चौसष्टाव्या ओळीत चौसष्टही जागी १ येऊन पटावरची संख्या प्रकट होते.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. या चौसष्ट ओळींतून मिळणाऱ्या चौसष्ट संख्या प्रस्तुत संख्येचे विभाजक आहेत. परंतु एकूण विभाजक १२८ आहेत. उरलेले चौसष्ट विभाजक ते, ज्यांत ६४१ व ६७,००,४१७ यांपैकी एकच येतो. मेरुप्रस्तार फेर्मा संख्यांचे गुणाकार दाखवितो; सहाव्या फेर्मा संख्येच्या पोटातील भेग त्याला दिसत नाही.

पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने सुसम बहुभुज काढण्याच्या प्रश्नाशीही याचा संबंध आहे. १७९६ मध्ये गौस यांनी सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखविले, आणि १८०१ च्या ग्रंथात सर्वसाधारण नियम दिला. बाजूंची संख्या विषम असल्यास ती मूळ असलेल्या निरनिराळ्या फेर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. नियमाच्या उलट बाजूची संपूर्ण सिद्धता १८३७ मध्ये पिएर वांत्सेल यांनी प्रसिद्ध केली. आज ज्ञात असलेल्या अशा मूळ संख्या पाचच असल्याने विषम बाजूंचे रचनीय बहुभुज ३१ ठरतात आणि त्यांतील सर्वांत मोठ्याच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे पटाच्या पहिल्या अर्ध्या भागातील दाण्यांइतक्या. फेर्मा यांचा अंदाज खरा असता तर ही यादी कधीच संपली नसती. योहान हेर्मेस यांनी ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेवर सुमारे दहा वर्षे खर्च केली. ते हस्तलिखित ग्यॉटिंगेन येथे जतन केलेले आहे. याला चिकाटी म्हणावे की अन्य काही, याविषयी मतभेद संभवतो.

यंत्ररचनेतील उपयोग

चौसष्ट द्विमान अंक मावणाऱ्या संगणकाच्या एका कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी धन पूर्णांक संख्या म्हणजे पटावरची संख्याच होय. पण अवयवांची खरी गरज अन्यत्र लागते.

संदेशवहनात व उपकरणांच्या चाचणीत यदृच्छ भासणारी ० व १ यांची मालिका निर्माण करण्यासाठी शिफ्ट रजिस्टर नावाची रचना वापरतात. चौसष्ट खणांच्या अशा रजिस्टरमध्ये सर्व खण शून्य असण्याची अवस्था वगळता १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अवस्था संभवतात. जोडणी योग्य असेल तर रजिस्टर या साऱ्या अवस्थांतून फिरून मगच मूळ अवस्थेला येते. जोडणी एका बहुपदीने ठरते, आणि पूर्ण फेरी देणाऱ्या बहुपदीला प्रिमिटिव्ह बहुपदी म्हणतात. निवडलेली बहुपदी तशी आहे की नाही हे रजिस्टर प्रत्यक्ष चालवून पाहता येत नाही. सेकंदाला शंभर कोटी पायऱ्यांच्या वेगानेही एका फेरीस ५८४ वर्षे लागतील.

म्हणून परीक्षा वेगळ्या प्रकारे करतात. एकूण संख्येइतक्या पायऱ्यांनंतर मूळ अवस्था येते हे वर्गाच्या रीतीने झटपट तपासता येते. मग संख्येला तिच्या प्रत्येक मूळ अवयवाने भागून, तितक्या पायऱ्यांनंतर मूळ अवस्था येत नाही ना, हे पाहतात. सात मूळ अवयव, म्हणून अशा सात तपासण्या. फेर्मा यांच्यावर विसंबून कोणी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ मानली तर तपासण्या सहाच होतील आणि त्या सर्वांतून सदोष बहुपदीही उत्तीर्ण होऊ शकेल. जिची फेरी पूर्ण फेरीच्या ६४१ व्या भागाइतकीच आहे अशा बहुपदी खरोखर अस्तित्वात आहेत. सहा तपासण्यांत त्यांचा दोष उघड होणार नाही. योग्य बहुपदींची संख्या वर काढलेल्या सहमूळ संख्यांच्या गणतीला ६४ ने भागून मिळते : १,४३,८९,०३,३७,९४,७९,७५,६८०. त्यांची वाण नाही, परंतु त्या ओळखण्यासाठी ६४१ ठाऊक असावाच लागतो.

पाचवी संख्या, ६५,५३७, हिचेही स्वतंत्र महत्त्व आहे. आरएसए या सांकेतिकीकरण पद्धतीत सार्वजनिक घातांक म्हणून बहुधा हीच संख्या घेतली जाते. ती मूळ आहे आणि द्विमान पद्धतीत तिच्यात केवळ दोन ठिकाणी १ येतो. म्हणून ६५,५३७ वा घात सोळा वर्ग व एक गुणाकार एवढ्यात निघतो. ही रीत मूलतः पिंगलाचीच आहे.

पुढील घर

पासष्टाव्या काल्पनिक घरातील दाण्यांत एक मिळविला की पुढील फेर्मा संख्या मिळते : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. पटावरच्या संख्येहून ती केवळ दोनने मोठी, परंतु तिला वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लागू पडत नाही. थॉमस क्लाउसेन यांनी १८५५ मध्ये गौस यांना लिहिलेल्या पत्रात तिचे अवयव दिले होते, पण ते पत्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. १८८० मध्ये ब्याऐंशी वर्षांच्या फॉर्त्युने लांद्री यांनी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले : २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. यांतील लहान अवयवातून १ वजा केल्यास २,७४,१७६ उरतात, आणि ते २५६ च्या १,०७१ पट आहेत. ल्यूका यांचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

६५,५३७ च्या पुढे मूळ असलेली फेर्मा संख्या अद्याप एकही सापडलेली नाही. घातांक ३२ पासून २ च्या ३२ व्या घातापर्यंतच्या सर्व अठ्ठावीस फेर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यांतील काहींचे पूर्ण अवयव अजून ज्ञात नाहीत, आणि दोन संख्या अशा आहेत की त्या संयुक्त आहेत हे निश्चित असूनही त्यांचा एकही अवयव २०२४ पर्यंत सापडलेला नव्हता. ज्या फेर्मा संख्येचा घातांक २ चा ३३ वा घात आहे ती मूळ की संयुक्त, हा प्रश्न त्या वर्षापर्यंत अनिर्णित होता.